अंगणातला कॅमेरा आणि माझी झोप

आमच्या घरी कॅमेरा आला तो सोयाबीनच्या पाठोपाठ. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. भाव पडलेला, तेव्हा माल लगेच न विकता पोती ओसरीवर रचून ठेवायची असं ठरलं. हे नोकरीनिमित्त पुण्याला, महिन्यातून एकदा येणार. घरात मी, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. आमचं केनवड काही चोरांचं गाव नव्हे, पण विहिरीवरच्या मोटारींना आणि अंगणातल्या पोत्यांना अंधारात कसे पाय फुटतात, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

तर ह्यांनी येताना एक कॅमेरा आणला, ओसरीच्या खांबाला ठोकला, वायफायला जोडला आणि माझ्या फोनमध्ये त्याचं ॲप घालून दिलं. "अंगणात काही हललं की तुझ्या फोनवर सूचना येईल, माझ्याही येईल. आता निर्धास्त झोप," म्हणाले, आणि रात्रीच्या बसने गेले.

त्या रात्री फोन एकसष्ट वेळा वाजला.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी अशी धडपडून उठले की पाण्याचा तांब्या लवंडला. पाहते तर शेजारच्यांचं कुत्रं. दुसऱ्यांदा तेच कुत्रं, परत जाताना. मग दोरीवर वाळत घातलेली माझी साडी, मग नुसतंच काहीतरी पांढरं, भुतासारखं झपकन गेलेलं. ते पाहून तर मी मुलाला जवळ ओढून घेतलं. सकाळी कळलं की तो पाकोळीएवढा किडा होता. पलीकडच्या खाटेवरून सासूबाई विचारीत होत्या, "काय वं, इतल्या राती कोनाचा फोन येते?"

"कॅमेऱ्याचा, आई."

"त्याले झोप येत नाई काय?"

पहिला आठवडा मी प्रत्येक सूचना उघडून पाहिली. दुसऱ्या आठवड्यात एक डोळा उघडून पाहू लागले. तिसऱ्या आठवड्यात फोन उशीखाली गेला. शाळेत माझे तास दुपारनंतरचे असतात, तासिकेवरची नोकरी. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता एकदा माझी ओळ इतकी खाली उतरली की मागून मुली हसल्या. त्या रात्री मी सेटिंगमध्ये जाऊन सूचना बंदच करून टाकल्या. चित्रण होत राहील, सकाळी पाहू म्हटलं. किती छान झोप लागली म्हणून सांगू!

लहानपणी आपण सगळ्यांनीच 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ऐकलेली आहे, आणि मी तर ती वर्गात शिकवलीही आहे. पण त्या गोष्टीतला पोरगा मुद्दाम खोटं बोलत होता. आमचा कॅमेरा बिचारा खोटं बोलत नव्हता. काहीतरी हललं, एवढंच तो सांगत होता, आणि ते खरोखर हललेलं असायचं. गावकऱ्यांचा कंटाळा मात्र दोन्हीकडे सारखाच.

मार्गशीर्षातली पहाट होती. सासूबाई साडेचारला उठतात, त्यांची आयुष्याची सवय. न्हाणीघराशी पाणी सांडलेलं होतं, फरशीवर पाय घसरला आणि त्या पडल्या. थंडीमुळे दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, त्यांची हाक आत आली नाही. मी नेहमीप्रमाणे पाच वाजून गेल्यावर उठले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. "काई नाई झालं," म्हणत होत्या, आणि दात वाजत होते. मनगटाचं हाड मोडलं होतं. रिसोडला नेऊन प्लॅस्टर घातलं.

दुपारी त्या झोपल्यावर मी फोन उघडला. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलेलं होतं. चार छत्तीस, चार सदतीस, चार एक्केचाळीस, चार एकोणपन्नास, एकापाठोपाठ एक चित्रं नोंदलेली. मला ती शेवटपर्यंत पाहवली नाहीत.

ह्यांना फोन केला. साहजिकच आवाज चढला. "सूचना बंद कोणी केल्या?" मी म्हटलं, "मी केल्या. पण तुमच्या फोनवर तर येत होत्या ना?" पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग हळूच म्हणाले, "मी तर दुसऱ्याच दिवशी बंद केल्या. ऑफिसात सारखं वाजायचं."

माझी मावसबहीण अकोल्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे. आईंना पाहायला आली तेव्हा मी रडतच तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ताई, हे तुझं एकटीचं नाही. अतिदक्षता विभागात रोग्याला लावलेली यंत्रं दिवसभर पिपाण्या वाजवत असतात. रोगी नुसता कुशीला वळला, तार सैल झाली, तरी वाजतात. मग कान आपोआप बधिर होतात, आणि खरी वाजते ती त्यातच हरवते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१४ पासून ह्या यंत्रांच्या आवाजाची शिस्त लावणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं, कारण त्या बहिरेपणापायी रोगी दगावले होते. पुढे मी वाचलं की त्याच देशात सॉल्ट लेक सिटी नावाच्या शहरात घराघरातल्या चोरघंटा उगाच वाजून पोलिसांना इतकं पळवायच्या की २००० साली त्यांनी नियमच केला, आधी कुणीतरी प्रत्यक्ष खात्री करा, मग आम्हांला बोलवा. म्हणजे पोलीससुद्धा उशीखाली फोन ठेवतात म्हणायचे!

तेव्हा मी ठरवलं, कॅमेरा काढायचा नाही आणि बंदही ठेवायचा नाही. वर्गातल्या गोंगाट करणाऱ्या मुलाला आपण बाहेर काढत नाही, तो कशामुळे ओरडतो ते पाहतो. हजेरीपटासारखी एक वही आखली आणि आठ रात्रींच्या सगळ्या सूचना सकाळी चहा घेता घेता एकेक उघडून लिहिल्या: वेळ, आणि काय हललं. आठ रात्रींत तीनशे ब्याण्णव. त्यांतली माणसं किती? अकरा. नऊदा सासूबाई, एकदा मी, आणि एकदा पहाटेचा दूधवाला.

आधी मला वाटायचं कॅमेऱ्याला दिसतं. त्याला दिसत नाही. आमच्याकडचा हा साधा कॅमेरा आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र ताडून पाहतो. जास्त ठिपके बदललेले आढळले की हाक मारतो. मग ते ठिपके चोराने बदलले की माझ्या साडीच्या पदराने, त्याला काय त्याचं! दुसऱ्या जातीचे कॅमेरे असतात ते अंगाची ऊब ओळखतात. ते झाडाच्या सावलीला फसत नाहीत, पण आपल्याकडे वैशाखात भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात, अंगाची ऊब आणि अंगणाची ऊब यांत फरकच उरत नाही, तेव्हा ते मंदावतात. ज्या मैत्रिणींना नवा घ्यायचा असेल त्यांनी हे दुकानदाराला विचारून घ्यावं. तो आपण होऊन सांगत नाही.

वहीत सगळ्यांत जास्त रकाने कुणी भरले होते म्हणता? कोळ्याने. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश स्वतःच टाकतो, आणि त्या प्रकाशात भिंगासमोरचा एक धागाही दोरखंडाएवढा चकाकतो. वाऱ्याने जाळं हललं की सूचना. जवळून उडालेलं चिलट चित्रात चिमणीएवढं होतं. ह्याला ॲपमधलं कुठलंच सेटिंग लागत नाही, लागतो तो कोरडा मऊ फडका. दर शनिवारी देवघर पुसते तेव्हा स्टुलावर चढून कॅमेऱ्याची कडही पुसून घेते. दुसरं म्हणजे, ओसरीचा दिवा कॅमेऱ्याच्या अगदी डोक्यावर होता, सगळे किडे तिथेच. तो काढून अंगणाच्या पलीकडे गोठ्याच्या भिंतीवर लावला, नऊ वॉटचा. किडे तिकडे गेले, आणि अंगणात मंद उजेड राहू लागला त्याचा वेगळाच फायदा झाला: मिट्ट काळोखात चित्रात ज्या मुंग्या येतात, त्यांनाही कॅमेरा हालचाल समजतो, त्या कमी झाल्या.

साडीचं औषध सोपं. दोरी घराच्या मागे नेली. सासूबाईंना ते पटलं नाही, "कपडे का चोरावानी मांगं वायवाचे?" पण पुढे मागचं ऊन चांगलं म्हणून त्यांनीच कबूल केलं.

निंबाचं झाड मात्र हलवता येत नाही, आणि मोठ्या रस्त्याकडून वळणाऱ्या गाड्यांचे दिवेही. त्या दिव्यांचा झोत आमच्या कुंपणाच्या भिंतीवरून असा फिरतो की सगळं अंगणच हललं असं कॅमेऱ्याला वाटतं. तेव्हा कॅमेऱ्याची मानच थोडी खाली वाकवली. आकाश, झाडाचा शेंडा, रस्ता सगळं चित्राबाहेर गेलं. शिवाय ॲपमध्ये बोटाने चौकट आखून देता येते, की एवढ्याच जागेत हललं तर मला सांग. मुलाने ती फाटकापासून पोत्यांपर्यंत आखली. ही सोय कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून होती, पण ज्यांनी तो बसवला त्यांना बसची घाई होती.

वीज गेली आणि आली की कॅमेरा जागा होताना एक हाक मारतोच. संध्याकाळी रंगीत चित्राचं काळं-पांढरं होतं तेव्हाही मारतो, कारण अख्खं चित्र बदललेलं असतं. त्यासाठी सूचनांची वेळच रात्री दहा ते पहाटे पाच एवढी ठेवली. एक लक्षात घ्यावं, सूचना आणि चित्रण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसा सूचना नसली तरी चित्रण कार्डावर होत राहतं. मी मात्र त्या चित्रणाच्याच भरवशावर झोपले होते, आणि चित्रणाला सकाळ झाल्याशिवाय कुणी पाहत नाही.

मग 'फक्त माणूस दिसला तरच' हे सेटिंग सापडलं. वाटलं, झालं, सुटलो. त्याच रात्री दीड वाजता फोन म्हणाला, माणूस! पाहते तर खुंटीला अडकवलेला मुलाचा रेनकोट, टोपीसकट. कोपऱ्यात बुजगावणं उभं असतं तर तोही माणूसच ठरला असता. तरी एकंदरीत हे सेटिंग कामाचं आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या कडेला सीतारामपेठ म्हणून गाव आहे. तिथे वनविभागाने २०२३ मध्ये गावाच्या सीमेवर असेच कॅमेरे लावले, वाघ गावाकडे येताना दिसला की लोकांना इशारा मिळतो. त्याला 'आभासी भिंत' म्हणतात. तिथेही मुख्य काम वाघ ओळखणं एवढंच नाही, गाय ओळखून गप्प राहणं हेही आहे. संध्याकाळी गुरं परतताना दर गायीमागे भोंगा वाजला असता, तर आठवड्यात गावाने त्याच्यावर गोधडी टाकली असती.

ह्या सगळ्यानंतर सूचना रात्रीला तीन-चारवर आल्या. मी अगदी खुशीत. मुलगा म्हणाला, "आई, आता मी चोर होतो." रात्री साडेदहाला घोंगडी पांघरून फाटकातून आला, फोन वाजला. दुसऱ्यांदा भिंतीच्या कडेने आला, वाजला. तिसऱ्यांदा पोटावर सरपटत पोत्यांपर्यंत पोचला, एका पोत्यावर बसून त्याने मला हात केला, आणि फोन शांत! मी गोंगाट कमी करता करता कॅमेऱ्याला निम्मा बहिरा करून ठेवलं होतं. संवेदनशीलता म्हणून जी पट्टी असते ती मी अगदी तळाशी नेली होती. ती दोन घरं वर सरकवली, तेव्हा सरपटणारा चोरही सापडला, आणि त्याच्याबरोबर एक मांजरही परत आलं. मांजराची एखादी सूचना मी आता आनंदाने सोसते. ज्या घरी कॅमेरा आहे त्यांनी हा खेळ एकदा जरूर खेळावा. मुलाचे कपडे मळतात एवढंच.

राहिला तो सासूबाईंचा प्रश्न. माझ्या वहीत त्यांच्या नऊ नोंदी होत्या. चोराच्या हिशेबाने त्या खोट्या सूचना. पण त्या पहाटेची नोंद खोटी कशी म्हणू? हे म्हणाले, एक कॅमेरा आणखी आणतो, न्हाणीघराच्या दाराशी लावू, आई उठली की तुला कळेल. मला ते पटलंही होतं. सासूबाईंनी खाटेवरून ऐकलं.

"मी न्हाणीत जातो तवा तू पायशीन, अन् पुन्याले तो पायीन? मले नाई पायजे." आणि प्लॅस्टरचा हात वर करून म्हणाल्या, "हात मोडला, लाज नाई मोडली."

खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. आईच का, माझीही एक नोंद होती वहीत, रात्री सव्वाअकराची. गरम होत होतं म्हणून मी ओसरीच्या पायरीवर दहा मिनिटं नुसती बसले होते. त्या वेळी पुण्याहून ह्यांचा निरोप आला होता, "अजून जागी?" काळजीनेच विचारलं होतं. पण आपण आपल्याच पायरीवर बसलो तरी कुणाला तरी घंटा वाजते, हे मनातून जाईना. असे प्रश्न बाहेरही पडलेले दिसतात. कलकत्त्याला एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या भांडणात तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितलं, की बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय तसाच ठेवला. आमच्याकडे कोर्टाची गरज पडली नाही, सासूबाईंचं एक वाक्य पुरलं.

त्यांची वाट चौकटीतून वगळली. न्हाणीघराच्या वाटेवर माणूस जवळ येताच आपोआप लागणारा एक दिवा लावला, फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. शिवाय दाराला लावतात तसली बिनतारी घंटी आणून तिचं बटण त्यांच्या पदरालाच बांधलं, घंटी माझ्या उशाशी. हे सगळं मिळून कॅमेऱ्याच्या निम्म्या पैशांत झालं, आणि ते आधीच करायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती एकदाच वाजवली. मी धावत गेले तर म्हणाल्या, "वाजते का नाई ते पायलं."

रात्रीच्या सूचना आता फक्त माझ्या फोनवर येतात. ह्यांनी आपणहून आपल्या फोनवरून ॲप काढलं. काही खरं असेल तर मी फोन करीन, असं ठरलं आहे.

परवा माघातल्या एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एकदाच. मी पहिल्याच वाजण्याला उठून बसले, छाती धडधडत होती. चित्रात फाटकाशी एक माणूस, खांद्याला पिशवी, अंधारात कडी चाचपत होता. पाठमोरा होता तरी ओळखला. रजा अचानक मिळाली म्हणून न कळवता रात्रीच्या बसने आले होते. मी दार उघडून उभी राहिले तेव्हा हे अजून कडीशीच झटत होते. वर पाहून म्हणाले,

"अगं, जागी कशी?"